एडिनबरा फेस्टिव्हल चार दिवसांत कसा बघावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेकीकडे लंडनला आला आहात, ऑगस्टात चार दिवस एडिनबराला जायचं आहे, दोघंही साठीच्या पुढचे, दरवर्षी सवाईला हजेरी, नाटक-सिनेमाचीही आवड. पण इंग्रजी नाटक कितपत कळेल याची धास्ती आहे आणि कार्यक्रमांची यादी उघडली तर ती संपायचं नावच घेत नाही. मी नऊ वर्षं ग्लासगोत राहतो. २०२० साली सगळंच रद्द झालं होतं, ते एक वर्ष सोडलं तर दर ऑगस्टात तिकडे जाणं होतंच, म्हणून लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. ‘एडिनबरा फेस्टिव्हल’ नावाचा एकच उत्सव नाही. एकाच गावात, एकाच महिन्यात, निरनिराळ्या मंडळींनी भरवलेले पाच-सहा उत्सव एकमेकांत मिसळलेले असतात. मूळचा तो इंटरनॅशनल फेस्टिव्हल, १९४७ साली सुरू झालेला. युद्ध संपून दोनच वर्षं झालेली, रेशनिंग चालू. रुडॉल्फ बिंग नावाच्या मूळच्या व्हिएन्नाच्या ऑपेरा व्यवस्थापकाच्या मनात आलं की युरोपभर पांगलेल्या कलाकारांना पुन्हा एकत्र आणायला बॉम्बमधून वाचलेलं एखादं गाव पाहिजे. एडिनबरा बऱ्यापैकी शाबूत होतं. ब्रूनो वॉल्टर हा वाद्यवृंदाचा कंडक्टर ज्यू, नाझींमुळे देशोधडीला लागलेला. त्याची आणि त्याच्या जुन्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची पुन्हा गाठ पडली ती पहिल्याच वर्षी, इथल्या अशर हॉलमध्ये. किल्ल्यावर रोषणाई करायला इंधन नाही म्हटल्यावर लोकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला, ही गोष्ट इथे अजून सांगितली जाते.

त्याच वर्षी आठ नाटक मंडळ्या कुणीही न बोलावता येऊन थडकल्या. लग्नाला आमंत्रण नसताना पंगतीला बसलेले म्हणा ना. मोठी नाट्यगृहं अर्थातच मिळाली नाहीत, तर मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. एका नाटकाचा प्रयोग तर खाडीपलीकडे डनफर्मलिनच्या ॲबीत, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चमध्ये, झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकारानं मुख्य उत्सवाच्या कडेकडेनं चाललेल्या या नाटकांबद्दल लिहिताना ‘फ्रिंज’ शब्द वापरला, आणि तेच नाव पडलं. फ्रिंज म्हणजे उपरण्याच्या दशा. आता दशाच उपरण्याहून लांब झाल्या आहेत: २०१९ साली फ्रिंजमध्ये ३,८४१ कार्यक्रम होते आणि तिकिटं गेली ३० लाखांच्या वर. गावाची वस्ती आहे सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास.

हा फरक लक्षात ठेवलात की निम्मं काम झालं. इंटरनॅशनल फेस्टिव्हलला कलाकार निवडून बोलावले जातात. फ्रिंजला निवडच नाही. जागा भाड्यानं घ्या, फी भरा, यादीत नाव आलं. त्यामुळे अप्रतिम आणि अगदीच टाकाऊ हे एकाच जिन्याच्या वर-खाली चाललेलं असतं. माझा शिरस्ता असा: बोलावलेल्यांची तिकिटं घरून काढायची, आगंतुकांचं तिथे गेल्यावर ठरवायचं. दिवसाला तीन कार्यक्रम पुष्कळ झाले. पहिल्या वर्षी मी हावरटासारखे एका दिवसात सहा धरले होते. चौथ्यापासून पुढचं काय पाहिलं ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

त्या दिवशी एक तिकीट वायाही गेलं, तेही सांगतो, कारण तुमच्यावर तीच वेळ येईल. फोनवरच्या नकाशानं सांगितलं, पोहोचलात. प्रयोगाची जागा काउगेट रस्त्यावर होती आणि मी उभा होतो जॉर्ज द फोर्थ ब्रिजवर. हा पूल आहे हे वरून कळतच नाही; दोन्ही बाजूंना दुकानं, वाचनालय, साधा रस्ता वाटतो. कठड्यावरून वाकून पाहिलं तर कित्येक मजले खाली दुसरा रस्ता, आणि मला हवं असलेलं दार त्या रस्त्यावर. जिने शोधत खाली पोहोचेपर्यंत चार मिनिटं उशीर झाला. फ्रिंजमध्ये तिसरी घंटा वगैरे भानगड नाही. वेळ झाली की दार बंद, मग तुम्ही कुणी का असेना. तेव्हा दोन कार्यक्रमांत किमान पाऊण तास ठेवा, आणि गुडघे कुरकुरत असतील तर एका दिवशी एकाच भागातले कार्यक्रम घ्या. रस्ते दगडी आणि चढाचे आहेत. चपला-सँडल घरी ठेवा.

तुम्ही पुण्याचे, म्हणजे पुरुषोत्तम करंडक पाहिला असेलच. फ्रिंजचा जीव त्याच जातीचा आहे. बहुतेक प्रयोग तासाभराचे, आणि एकाच खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आठ-नऊ वेगवेगळे. दोन प्रयोगांमध्ये जेमतेम पंधरा मिनिटं. एकदा मी रांगेत पहिला होतो आणि दार अर्धवट उघडं राहिलं होतं. नुकतीच टाळ्या घेऊन आलेली बाई, मेकअप ओघळलेला, स्वतःच टेबलाचं एक टोक उचलून बाहेर येत होती. दुसरं टोक धरलं होतं मघाशी तिकिटं तपासणाऱ्या पोरानं. पुढची मंडळी आपली घडीची खुर्ची, सुटकेस आणि कापडात गुंडाळलेलं कसलंतरी झाड घेऊन भिंतीला चिकटून उभी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ‘अरे आवाज कुणाचा’ तेवढं राहिलं होतं.

जागाही पाहण्यासारख्या. समरहॉलला पूर्वी जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज होतं. शरीररचना शिकवायचं तिथलं व्याख्यानगृह अजून तसंच आहे. उभ्या चढणीची लाकडी बाकं, आणि खाली विहिरीच्या तळासारखी मोकळी जागा. जिथे एके काळी गाई-घोडे फाडून दाखवत, तिथे नट उभा असतो, आणि तुम्ही जवळजवळ त्याच्या टाळूकडे पाहत असता. प्लेझन्सचं दगडी अंगण नुसतं बसून गर्दी बघायलाही छान. खरोखर नवं लिहिलेलं नाटक हवं असेल तर ट्रॅव्हर्स थिएटर. १९६३ पासून नव्या लेखकांना उभं करणं हेच त्यांचं काम.

आता भाषेचं. स्टँडअप कॉमेडी सरळ गाळा. तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून नव्हे. तो विनोद इथल्या टीव्हीवर, राजकारणावर, शाळेच्या आठवणींवर चालतो आणि बोलणं ग्लासगोच्या किंवा लिव्हरपूलच्या वळणाचं असलं तर मलाही अजून निम्मं निसटतं. मोह आवरलाच नाही तर पहिल्या रांगेत बसू नका. तिथे बसलेल्यांची कॉमेडियन नावगाव विचारून टोपी उडवतो, आणि साडीतल्या बाई दिसल्या तर मग सुटकाच नाही. त्यापेक्षा देहबोलीवर चालणारी नाटकं, बाहुल्या, सर्कस, नृत्य घ्या. परभाषेतल्या मंडळ्याही पुष्कळ येतात. इंटरनॅशनल फेस्टिव्हलच्या काही प्रयोगांना संवाद पडद्यावर लिहून येतात. तिकीट काढताना तशी खूण पाहा.

निवडायचं कसं? रॉयल माइल या जुन्या गावातल्या मुख्य रस्त्यावर चालायला लागलात की दर दहा पावलांवर कुणीतरी हातात पत्रक कोंबतं. त्यावरच्या ताऱ्यांना भुलू नका. पाच तारे ठळक असतात आणि ते कुणी दिले ते मुंगीच्या अक्षरात. पत्रक देणारी व्यक्ती स्वतः त्या नाटकात आहे का ते विचारा. असेल तर ‘एका वाक्यात सांगा काय आहे’ म्हणा. ज्याला एका वाक्यात सांगता आलं त्याच्या प्रयोगाला मी जातो, आणि फारसा फसलेलो नाही. दुसरी युक्ती म्हणजे रांगेत शेजारच्याला विचारायचं, काल काय पाहिलंत? एरवी अनोळखी माणसाशी फक्त हवामानावर बोलणारी ही माणसं ऑगस्टात हमखास बोलतात.

फुकट प्रयोगही असतात. फुकट म्हणजे दारात बादली. एका संध्याकाळी पावसातून आडोशाला म्हणून अशा एका तळघरात शिरलो. कमानीचं छत, भिंतींना ओल, प्रेक्षक मी धरून पाच. एकटी बाई पन्नास मिनिटं, वडिलांचं दुकान आवरायला आलेल्या मुलीची गोष्ट. पाच जणांसमोर तिनं एकही जागा ढिली सोडली नाही. शेवटी बादली घेऊन तीच दारात. मी नोट टाकली तर म्हणाली, त्यापेक्षा उद्या दोघांना सांगा. हे ऐकायला गोड वाटतं, पण मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. जागेचं भाडं, महिनाभराची राहायची खोली, पत्रकांची छपाई हे सगळं या लोकांनी स्वतः घातलेलं असतं आणि बहुतेकांचं ते परत येत नाही. ‘इथे कुणालाही यायला बंदी नाही’ हे खरं आहे. मात्र ज्याला महिनाभराचा तोटा सोसवतो तोच येतो. गावातले भाडेकरूही ऑगस्टातल्या घरभाड्यांबद्दल कडवटपणे बोलतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

संगीतासाठी मात्र बोलावलेल्यांकडेच जा. अशर हॉल १९१४ चा, अँड्र्यू अशर या व्हिस्कीवाल्यानं दिलेल्या एक लाख पौंडांतून उभा राहिलेला. संध्याकाळचे मोठे वाद्यवृंद तिथे. पण सवाईकरांनी चुकवू नये ती क्वीन्स हॉलमधली सकाळची मैफल. जुनं चर्च, चार-पाच वादक किंवा एक गायिका आणि पियानो, बस्स. एक सूचना: इथे दाद मनातल्या मनात. रचनेच्या भागांमध्ये टाळ्यासुद्धा वाजवत नाहीत, सगळं संपेपर्यंत थांबतात. एकदा चेलोवाल्यानं एक स्वर असा काही लांबवत आणून सोडला की माझ्या तोंडून ‘वा’ निघून गेला. अख्खा हॉल शांत. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी मागे वळून पाहिलं. मी जमिनीत जायच्या बेतात. मध्यंतरात त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे असं म्हणतात का? हो म्हटल्यावर म्हणाल्या, मला केव्हापासून म्हणायचं होतं. आपलं संगीत त्यांना अगदीच नवखं आहे असंही नाही. १९६३ साली याच उत्सवात रविशंकर, सुब्बुलक्ष्मी आणि बालसरस्वती येऊन गेले आहेत.

सिनेमाचं लवकर उरकतो. चित्रपट महोत्सवही १९४७ चाच, माहितीपटांपासून सुरू झालेला. सत्यजित राय यांच्या पहिल्या चित्रपटाचा १९५६ साली इथे गौरव झाला होता. २०२२ च्या ऑक्टोबरात तो चालवणारी संस्था आर्थिक डबघाईनं बंद पडली आणि तिच्याबरोबर लोदियन रोडवरचं फिल्महाउस हे चित्रपटगृहही. २०२३ ला महोत्सव इंटरनॅशनलच्या पदराखाली छोटासा झाला, २०२४ ला पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहिला, आणि २०२५ च्या जूनमध्ये फिल्महाउसही उघडलं. तारखा जुळल्या तर एक चित्रपट तिथे पाहा. त्याहून जास्त नको. सिनेमा नंतर कुठेही सापडतो, तळघरातली ती बाई सापडत नाही.

किल्ल्यासमोरचा ‘टॅटू’, म्हणजे लष्करी बँडच्या संचलनाचा कार्यक्रम, १९५० पासून आहे. तिकिटं फार आधी संपतात, बसायचं उघड्यावर, आणि पाऊस आला तरी तो चालूच राहतो. आपल्या २६ जानेवारीच्या संचलनात बॅगपाइप आणि आतषबाजी घातली की काय होईल ते. बघितलात तर आवडेल, हुकला तर हळहळू नका.

मुक्काम: गावात खोल्यांचे भाव ऑगस्टात ऐकवत नाहीत. आता शोधत असाल तर सरळ ग्लासगोत राहा. आगगाडीनं पाऊण-एक तास, आणि शेवटची गाडी चुकली तर ९०० नंबरची बस रात्रभर असते. लंडनहून किंग्ज क्रॉसवरून येणारी गाडी साडेचार तासांच्या आसपास घेते आणि थेट गावाच्या मधोमध, वेव्हर्लीला उतरवते. छत्री नको, वाऱ्यानं उलटते. टोपीचा रेनकोट आणि खाली स्वेटर. कधीकधी समुद्रावरून दाट धुकं येतं आणि अख्खा किल्ला गायब होतो. त्या धुक्याला इथे ‘हार’ म्हणतात.

आणि हो, रविवार सोडून रोज दुपारी एकच्या ठोक्याला किल्ल्यावरून तोफ सुटते. ठाऊक नसेल तर काळजाचा ठोका चुकतो. माझी आई आली होती तेव्हा आम्ही नेमके खालच्या बागेत डबा उघडून बसलो होतो. तिच्या हातातली पोळी गवतावर पडली. सावरून म्हणाली, ‘ही यांची तिसरी घंटा का रे?’