कोट घ्यायचाय, पण कुठल्या थंडीसाठी?

दिवाळीचा फराळ संपत आला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं यायला लागतात, ताई कोट कुठला घेऊ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सासरचं गरम कपड्यांचं दुकान होतं आणि मी बावीस वर्षं गल्ल्यावर बसले, म्हणून संपादकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला तो घातलाच. दुकान आता नाही पण सवय गेली नाही, कोणी समोर आलं की माझी नजर आधी त्याच्या कॉलरवर आणि मनगटावर जाते. असो, पत्रं बघू.

प्रश्न : ताई, मी बडोद्याची. आमच्याकडे अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरवर हिवाळा निघतो. संक्रांत झाली की ग्वाल्हेरला नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, रात्रीचं, मॅरेज गार्डनमध्ये. शालूवर कोट कसा दिसेल? आणि नंतर त्या कोटाचं बडोद्यात करू काय? 3000 पर्यंत खर्च करू शकते.

उत्तर : अगं, शेवटचा प्रश्न तू आधी विचारायला हवा होतास, कारण उत्तर त्यातच आहे. बडोद्यात जानेवारीच्या पहाटेही पारा बहुतेक 10 च्या वरच असतो, तिथे जाड कोट कपाटात पडून राहील. आमच्याकडे गोष्ट वेगळी. किमान तापमान 4 अंशांवर किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं मैदानी भागात शीतलहर म्हणतं, आणि ग्वाल्हेरला जानेवारीत ते काही नवलाचं नाही. वरून कोहरा, म्हणजे दाट धुकं. आमच्याकडे त्या ओल्या थंडीला सगळे गलन म्हणतात, मराठी बोलणारेसुद्धा, कारण दुसरा शब्दच सुचत नाही, कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि गादीसुद्धा गार लागते.

तर वरून एक जाड कोट चढवायच्या ऐवजी आतून तयारी कर. ऊब कापडाच्या जाडीत नसते, कापडांच्या मधे जी हवा अडकून बसते तिच्यात असते, म्हणून दोन पातळ थर एका जाड थराला भारी पडतात. ब्लाउज मखमलीचं, पूर्ण बाह्यांचं शिव, आणि शिवतानाच आत पातळ थर्मल मावेल एवढं सैल ठेवायला सांग (लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज चढत नाही म्हणून रडणाऱ्या दोघीतिघी मी पाहिल्यात). परकराच्या आत थर्मलची पँट, पायात लोकरी मोजे आणि बंद बूट, शालूचा घोळ पायांपर्यंत येतो, कोण बघतंय! वरून मोठी लोकरी शाल, दुमडून नाही, पूर्ण उघडून. सुती शाल नको, ती दव पिऊन ओली होते. लोकर तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही.

एवढं सगळं 3000 मध्ये बसायला हवं, आणि नंतर थर्मल प्रवासाला, शाल बडोद्याच्या एसी थेटरात कामाला येईल. तरी कोटच हवा असेल तर एक लक्षात ठेव, सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला जीएसटी 5 टक्के आणि त्याच्या वर गेला की 18, म्हणजे 2600 चा कोट दिसतो त्यापेक्षा महाग पडतो. आणि हो, फोटो शेकोटीजवळ काढा, तिथे सगळेच शाल काढून हसत उभे असतात.

प्रश्न : मी मोरारहून मालनपूरला बाइकने कामाला जातो, सकाळी सहाला निघतो. दोन स्वेटर घालतो तरी छातीत गार लागतं. 1500 मध्ये चांगलं जॅकेट येईल का?

उत्तर : येईल, पण तुला जॅकेटपेक्षा वारा अडवणारं काहीतरी हवंय. विणलेल्या स्वेटरला भोकंच भोकं, बसून राहिलास तर मस्त ऊब, बाइक सुरू झाली की सगळी ऊब वारा काढून नेतो. बाहेर 5 अंश असतील आणि तू ताशी 50 ने जात असशील तर उघड्या चामडीला ते उणे 1 सारखं लागतं, म्हणजे तू रोज मालनपूरला नाही, बर्फात जाऊन येतोस.

स्वेटर एकच ठेव, वरून विंडचीटर घाल, नसेल तर सध्या पावसाळ्यातला रेनकोट घालून बघ, फुकटात फरक कळेल. घेताना तीनच गोष्टी बघ : चेनच्या आत कापडाची उभी पट्टी हवी नाहीतर चेनच्या दातांतून वारा सरळ छातीत, मनगटाला रिब किंवा वेल्क्रो, आणि कॉलर हनुवटीपर्यंत बंद होणारी. आणि घट्ट नको, दोन स्वेटर कोंबून वर टाइट जॅकेट घातलं की मधली हवा दाबली जाते आणि होतं उलटंच. उरलेल्या पैशात हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घे. आमच्या दुकानातला जुना नोकर सायकलवर यायचा, तो स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवायचा, अजूनही त्याहून स्वस्त इलाज मला माहीत नाही.

प्रश्न : माझी भाची जानेवारीत शिकायला कॅनडात विनिपेगला चाललीय. इथून कोट घेऊन द्यावा की तिथे? दुकानदार म्हणतो हा उणे 20 पर्यंत चालतो. तिची मैत्रीण व्हँकुव्हरला आहे, ती म्हणते एवढं काही लागत नाही.

उत्तर : मैत्रीण खोटं बोलत नाहीये, फक्त ती दुसऱ्या हवेत राहते. व्हँकुव्हर समुद्राकाठी, तिथला हिवाळा म्हणजे शून्याच्या वरचा आणि सतत पावसाचा, तिथे पाणी न शिरणारं जॅकेट आणि आत फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कापडाचं, काहीतरी एवढ्यावर भागतं. विनिपेग मैदानात, समुद्रापासून लांब, तिथे जानेवारीत उणे 30 च्या रात्री येतात आणि वर वारा. कॅनडाचं हवामान खातं सांगतं की वाऱ्यासकट गारठा उणे 28 च्या खाली गेला की उघडी चामडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, म्हणजे बसस्टॉपवर बस चुकली तेवढा वेळ. दुकानदाराचा उणे 20 कुणी मोजला, बसलेल्या माणसावर की चालणाऱ्या, ते त्याला विचारा, मी पण विकलेत असे कोट आणि मला विचारलं असतं तर मीही गप्प बसले असते.

म्हणून मोठा कोट तिथेच घ्यायचा. तिथल्या दुकानात मांडीपर्यंत येणारा, टोपीला कडेने केसाळ झालर असलेला पार्का मिळतो, ती झालर शोभेची नाही, तोंडावरचा वारा तोडते. 26 डिसेंबरपासून तिथे सेल लागतात, जानेवारीत पोचली तर काहीतरी हाती लागेल, आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले कोट मिळतात, त्यात लाज कसली, सगळे विद्यार्थी घेतात. इथून काय द्यायचं? थर्मलचे तीन जोड, लोकरी मोजे, कानटोपी, हातमोजे आणि एक बरं पफर, म्हणजे भरणाचं फुगीर जॅकेट, विमानतळ ते घर एवढ्यासाठी. लुधियानाचा माल आपल्याकडे सगळीकडे येतो आणि या बारीक वस्तू तिथल्यापेक्षा इथे कितीतरी स्वस्त.

पिसांचा कोट घेताना तिला 600, 800 असे आकडे दिसतील. तो आकडा पिसं किती फुलतात ते सांगतो, कोटात किती भरलीत ते नाही. 800 ची मूठभर पिसं असलेला पातळ कोट 600 च्या गच्च भरलेल्या कोटापुढे हरतो. आणि पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब संपते, म्हणून विनिपेगच्या कोरड्या थंडीत पिसं उत्तम, व्हँकुव्हरच्या पावसात पॉलिस्टरचं भरण बरं. बूट मात्र मोज्यांवर चढवून बघूनच घे म्हणावं.

प्रश्न : आमचे हे 70 चे. कोहऱ्यातही पहाटे फिरायला जातात आणि त्यांच्या वडिलांचा लोकरी कोटच घालतात, अस्तर फाटलंय. नवा घेऊ म्हटलं तर रागावतात.

उत्तर : काकू, या भांडणात मी काकांच्या बाजूने आहे, अर्ध्या. जुनी खरी लोकर टाकून चमचमतं काहीतरी आणू नका. खात्री करायची असेल तर शिवणीतून एक धागा काढून जाळा, जळक्या केसांचा वास आला आणि बोटांत चुरून राख झाली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. लोकर निघाली तर टेलरकडून अस्तर बदलून घ्या, भोकांना रफू, नव्या कोटापेक्षा नक्कीच कमी खर्चात काम होईल. वजन जास्त वाटत असेल तर आत बिनबाह्यांची हलकी बंडी घालून कोट फक्त कडाक्याच्या दिवसांत.

उरलेल्या अर्ध्यात मी तुमच्या बाजूने. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं, 70 व्या वर्षी पहाटे पाचच्या कोहऱ्यात जाण्याला कुठलाच कोट उत्तर नाही. ऊन आल्यावर जा म्हणावं, कोट अंगात असू दे.

प्रश्न : 1905 पासून भरणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात मागच्या वर्षी घेतलेला लोकरी कोट बॅगेतून काढला तर भोकं! डांबरगोळ्या टाकल्या होत्या.

उत्तर : न धुता ठेवलात ना? कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि घामाचे, जेवणाचे डाग त्यांना आधी आवडतात. फेब्रुवारीत ड्रायक्लीन करा, उन्हात टाका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल आत राहते. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. यंदा मेळ्यातून घेणार असाल तर शेवटच्या दिवसांत जा, माल परत न्यायचा नसतो तेव्हा भाव करायला मजा येते, पण मापाचा राहिलेला नसला तर माझ्यावर चिडू नका.