दरफाळणी इथे जमेल का, असं विचारलंत म्हणून

शालोम. पुढच्या वर्षी ठाण्याहून मुलांना घेऊन इस्रायलला यायचं ठरतंय, तर किप्पूरचा, म्हणजे आपल्या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास तिथे जमेल का, आपली दरफाळणी, म्हणजे आपण बेने इस्रायल दारं लावून पाळतो तो किप्पूर, आपल्या रीतीने पाळता येईल का, असं तुम्ही विचारलंत. आलियाच्या, म्हणजे इस्रायलला कायमचं राहायला येण्याच्या, अर्जाचं मी सांगत नाही, ते सगळं लिहिलेलं मिळतं. फक्त आईचा आणि आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, जपून आणा. आमच्या लेकीच्या लग्नाच्या वेळी एका कार्यालयात आजीचं गाव, आजीची आई कोण, इथपर्यंत विचारलं, आपण खरे यहुदी का हे बघायला. त्या चौकशांविरुद्ध आपली माणसं 1964 साली जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली होती! तो राग अजून आहे.

उपास जमतो. ठाण्यात बाहेर रिक्षांचा गोंगाट आणि आत आपण उपाशी, तसं इथे नाही. इथे अख्खा देश थांबतो. विमानतळ बंद, टीव्ही बंद, हमरस्त्यावर पोरं सायकली चालवतात. देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, पांढरे कपडे आणि पायात कापडी नाहीतर रबरी चपला, कारण चामडं चालत नाही. चहा मात्र आठवडाभर आधीच कमी करत आणा. दुपारी डोकं धरतं ते भुकेने नाही, चहाने.

मुलांचं मनापासून सांगते. लेक दुसरीत होती. किप्पूर घरी कसा पाळता, असं बाईंनी वर्गात विचारलं. ती म्हणाली, आजी दारं लावून घेते, पांढरं नेसते, दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला दानधर्म करते. बाई म्हणाल्या, हे यहुद्यांचं नाही, हे भारतातलं. पोर घरी येऊन आजीच्या मांडीवर रडली. पुढे ती विसरली, मी नाही. माणसाचा अपराध त्या माणसाने माफ केल्याशिवाय किप्पूर तो धुऊन टाकत नाही, असं आपण मानतो. बाई कधी माफी मागायला आल्या नाहीत. दरवर्षी नेइलाला, म्हणजे किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला, 'एल नोरा अलिला' हे गीत सुरू झालं की त्या मला आठवतात, आणि मन काही मोकळं होत नाही.

म्हणून मुलांना इकडे आणण्याआधीच आपल्या रीती नीट समजावून द्या, कोणी टोकलं तर उत्तर देता आलं पाहिजे. एकटेपणाची काळजी करू नका, कामाला लागलं की तो सरतो. घर मात्र आपल्या देवळाजवळ बघा. अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा, कुठेही आपली माणसं आहेत. शिळ्या सणाला इथे सुट्टी नसते, म्हणून आम्ही संध्याकाळी जमतो. तुम्हीही या.