लोटे एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याला पावसाळ्यात घाट बंद पडल्यावर डिजिटल ट्विनचा उपयोग होईल का?

होईल, पण घाट कधी बंद पडेल हे कळायला नव्हे. तो बंद पडल्यावर कोणता माल आधी आणि कुठल्या वाटेने काढायचा हे ठरवायला. ट्विन म्हणजे तुमचा साठा, ऑर्डरी, गाड्या आणि रस्ते यांची ताज्या आकड्यांवर चालणारी संगणकावरची प्रतिकृती. मी इथल्याच एका कंपनीचं डिस्पॅच बघतो. चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावरचा कुंभार्ली घाट बंद झाला की कऱ्हाडच्या गाड्या आंबा घाटाकडे वळतात. तेव्हा ‘घाट उघडायची वाट बघू की साखरप्यावरून कोल्हापूरला काढू’ हा प्रश्न फोनाफोनीवर सुटत नाही. ट्विन जादा भाडं, उशीर आणि गिऱ्हाइकाकडे उरलेला साठा एकत्र मांडतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या पुलावरची वाहतूक आणि कोकण रेल्वे, दोन्ही एकदम थांबली. हाच प्रसंग मे महिन्यातच ट्विनमध्ये चालवून बघा, म्हणजे कच्चा माल किती दिवसांचा भरून ठेवायचा ते कळेल, आणि माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे. मात्र गोदामाची नोंद दोन दिवस मागे असेल तर ट्विनचं उत्तरही चुकेल. आधी ती रोजच्या रोज होऊ द्या. महागडं सॉफ्टवेअर नंतर घेता येईल.