आधी अळंबी, मग अस्वल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू चेनसॉनं लाकडात कोरलेल्या अस्वलाचा फोटो पाहिला. नाक कुठे गेलं हे तू लिहिलं नाहीस, पण मला ठाऊक आहे. भुशात गेलं. पहिल्या अस्वलाचं नाक भुशातच जातं. माझं पहिलं अस्वल तर डुक्कर म्हणूनही खपलं नसतं, सरपणात गेलं.

कोणता सॉ घेऊ आणि साखळी जिच्या कडेनं फिरते ती पट्टी, म्हणजे बार, कोणता, हे तू विचारलंयस. सांगतो, पण आधी एक काम ऐक. पुढचे काही आठवडे कोरायचं काहीच नाही. एखादा टाकाऊ ओंडका घे आणि त्याच्या नुसत्या चकत्या पाड. जाड, पातळ, सरळ, तिरक्या. कंटाळा येईल, येऊ दे. सॉ कुठे ओढतो आणि कुठे ढकलतो, हे हातांना या चकत्यांतूनच कळतं. बारच्या खालच्या कडेनं कापलंस तर साखळी सॉला लाकडाकडे ओढून नेते. वरच्या कडेनं कापलंस तर तोच सॉ तुझ्या अंगावर येतो. आणि टोकाच्या वरच्या पाव भागानं लाकूड टेकलं की किकबॅक. तिथं दात लाकडात रुततो, साखळीला पुढे जाता येत नाही, मग इंजिनाची सगळी ताकद बारलाच वर आणि मागे भिरकावते. पापणी लवायच्या आत.

आपल्या कामातला पेच असा, की झाडं तोडणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावतात, टोक लाकडाला लावायचं नाही. आणि आपलं निम्मं काम टोकानंच होतं. कोरीवकामाचा बार त्यासाठीच वेगळा असतो. तो पुढे निमुळता होत जातो, आणि टोक एखाद्या नाण्याएवढं असतं. 'डाइम' आणि 'क्वार्टर' ही त्याची नावं अमेरिकी नाण्यांवरूनच पडली आहेत. पहिलं नाणं साधारण 18 मिलिमीटर व्यासाचं, दुसरं 24. टोक जितकं लहान तितके एका वेळी कमी दात लाकडात, म्हणून उसळी कमी. कमी, बरं का. उसळणारच नाही असं समजून कुणी उभं राहिलं, तर त्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सुरुवातीला 35 ते 40 सीसीचा, हातात मावेल असा सॉ आणि 14 इंची साधा बार. मोठे तुकडे उडवायला तोच लागतो, आणि पहिलं वर्ष बरंचसं तेच काम असतं. कोरीवकामाचा बार नंतर घे, शक्यतो दुसऱ्या लहान सॉवर. त्याची साखळी बहुधा पाव इंच पिचची असते; पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधलं अंतर. साखळी फिरवणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, तेही तिला जुळणारं बसवावं लागतं. नुसता बार आणि साखळी बदलून 'हे चालत का नाही' म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यातला एक मीच होतो.

माझ्या हेल्मेटच्या जाळीला एक खाच आहे. तू येशील तेव्हा दाखवीन. पक्ष्याच्या एका पंखामागची पोकळी काढत होतो आणि दुसऱ्या पंखाचं लाकूड तिथंच, दोन बोटांवर आहे हे विसरलो. टोक त्याला लागलं. बार वर उसळला, डावं मनगट पुढच्या गार्डवर आपटलं, ब्रेक लागला, साखळी थांबली. तरीही बार जाळीपर्यंत पोचला होता. जाळी नसती तर हे पत्र बहुधा दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. तेव्हापासून टोक दिसेनासं होणार असेल तर मी आधी सॉ बंद करतो, ओंडक्याला एक फेरी मारतो, पलीकडे काय आहे ते बघतो. तू सुरुवातीपासूनच मार ती फेरी. डाव्या हाताचा अंगठा दांडीखालून पक्का वळवलेला हवा, डोकं बारच्या रेषेत नको, आणि खांद्याच्या वर सॉ न्यायचा नाही. उंचीवरचं कोरायचं असेल तर ओंडका खाली घे. तो पट्ट्यानं किंवा खालून स्क्रूनं असा बसव, की तू ढकललास तरी हलू नये.

चेनसॉची पँट घेच. तिच्या आत लांब धागे असतात. साखळी कापडाला लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि साखळी थांबते. बॅटरीचा सॉ हलका नि कमी आवाजाचा म्हणून त्याच्यापाशी लोक निर्धास्त होतात; पण विजेच्या मोटरचा जोर शेवटपर्यंत टिकतो, ती या धाग्यांना सहजी दाद देत नाही. कानांचं सांगू? 85 डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसता येतो असं धरतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. पेट्रोलचा सॉ त्याच्याही वर ओरडतो. माझ्या उजव्या कानात रात्री रातकिडे असतात, बाराही महिने.

आता धार. यावर मी लांबण लावणार आहे, वाचून घे.

आज आपण वापरतो त्या साखळीमागे एक अळी आहे. जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं 1946 साली एका बुंध्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती उभं-आडवं कसंही लाकूड खात चालली होती, आणि तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कातरत होते. त्यावरून त्यानं दातांची नवी साखळी बनवली आणि 1947 मध्ये विकायला काढली. तुझ्या साखळीकडे नीट बघ: एक दात डावा, एक उजवा. ती अळीच आहे. म्हणूनच एका बाजूचे दात जास्त घासलेस आणि दुसऱ्या बाजूचे कमी, तर सॉ वाकडा जातो. तू कितीही सरळ धर.

पाव इंची साखळीला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. कोन साखळीच्या पाकिटावर लिहिलेला असतो, बहुधा 30 अंश. कानस एकाच दिशेला, आतून बाहेर. परत आणताना उचल. प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात. तीन तर सगळ्यांना तीन. पेट्रोल भरायला थांबशील तेव्हा धारही बघ. ओळखायची खूण जमिनीवर पडलेली असते. ढलप्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुगा पडू लागला की साखळी बोथट. बोथट साखळी कापत नाही, म्हणून आपण रेटतो, आणि रेटताना तोल पुढे गेलेला असतो. साखळी एकदा मातीला टेकली की धार गेलीच म्हणून समज. सालीत अडकलेली वाळूही तेच करते, म्हणून साल आधी सोलून काढ.

आता अळंबी. हसू नकोस. अस्वलाला जे जे लागतं ते अळंबीत आहे, फक्त डोळे नाहीत.

पाईन किंवा सीडरसारखं मऊ लाकूड घे, ओंडका उभा कर. वरून तिसऱ्या हिश्शावर खडूनं गोल रेघ मार. त्या रेघेवर सभोवार आडवा काप घे. हा थांबा-काप. तो सगळीकडून सारख्या खोलीचा हवा, आणि इथेच पहिल्या पाच अळंब्या जातात: एका बाजूनं जास्त आत गेलीस की मान मोडते. मग खालून वर उभे काप घेत जा, ते त्या आडव्या कापाला भेटले की फाका गळून पडतील आणि देठ उरेल. टोपीला गोलाई एकदम देऊ नकोस. कोपरे उडव, मग उरलेल्या कोपऱ्यांचे कोपरे उडव. शेवटी साखळीची बाजू पृष्ठभागावरून नुसती झाडू फिरवल्यासारखी फिरव.

आता टोपीची कड पातळ करून बघ. मुद्दाम. तुटेल. ओंडका उभा आहे, म्हणजे लाकडाच्या रेषाही उभ्या आहेत. देठ त्या रेषांच्या दिशेनं जातो म्हणून मजबूत. कड मात्र आडवी बाहेर आलेली, तिच्यात त्या रेषांचे नुसते आखूड तुकडे. चिमटीनंही तुकडा पडतो. तुझ्या अस्वलाचं नाक असंच आडवं बाहेर आलेलं होतं. फोटोत डोळे नीट कोरलेले दिसतात, म्हणजे तू चेहऱ्यावर लवकर पोचलीस, नाक बारीक केलंस, आणि मग कान काढताना त्याला धक्का बसला. बरोबर?

पुढच्या वेळी तोंडाच्या जागी एक बेढब चौकोनी खोका ठेव आणि बाकीचं अस्वल होऊन जाऊ दे. आधी बाजूनं आकार काढ, मग समोरून. मागचे पाय, पाठ, खांदे, कान. नाक सगळ्यात पुढे, म्हणून त्याच्यामागचं लाकूड उडवत मागे जायचं. लोक आधी डोळ्यांकडे धावतात, कारण डोळे आले की ते आपल्याकडे बघू लागतं. तो मोह मलाही होतो अजून. डोळे शेवटी.

ओलं लाकूड कोरायला सोपं, पण वाळताना तडकणार. लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेनं आकसतं ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट, म्हणून भेग सालीकडून गाभ्याकडे जाते. एकाला मी हौसेनं अस्वल दिलं होतं. उन्हाळा सरला आणि दोन डोळ्यांच्या बरोबर मधून टाळूपासून हनुवटीपर्यंत चीर. त्यांनी काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. आता मी पाठीमागून गाभ्यापर्यंत एक उभा काप आधीच देऊन ठेवतो. लाकडाला फाटायचंच असेल तर तिथं फाटावं. प्रत्येक वेळी ऐकतंच असं नाही.

शेवटी जवसाचं तेल लावशील, तेव्हा चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव.

दहा अळंब्या कर. पहिल्या नऊ कुणाला दाखवू नकोस, दहावीचा फोटो मला पाठव. आणि तो खालून काढ, टोपीच्या आतला, देठ जिथं टोपीला मिळतो तिथला. वरून सगळ्याच बऱ्या दिसतात.

तुझा,
काका