नुसत्या निवडीतून नवी प्रजाती कशी घडते?

प्रश्न : नैसर्गिक निवडीत दुबळे जीव मरतात आणि सक्षम उरतात, असे आम्ही शाळेत शिकलो. पण नुसते गाळत राहिल्याने नवे काही कसे तयार होईल? नवी प्रजाती घडताना कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. निवड नवे गुण निर्माण करत नाही. ते जनुकांतील उत्परिवर्तनांतून, म्हणजे त्यांत आपोआप होणाऱ्या बदलांतून, आणि प्रजननात होणाऱ्या जनुकांच्या सरमिसळीतून, जीवाच्या गरजेशी काहीही संबंध न ठेवता, येत राहतात. 'दुबळे' हा शब्द मात्र टाळलेला बरा, कारण कोणता गुण उपयोगी पडेल हे त्या वेळची परिस्थिती ठरवते.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने प्रशांत महासागरातील गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर १९७३ पासून फिंच या लहान, बिया खाणाऱ्या पक्ष्यांचा अनेक दशके अभ्यास केला. १९७७ च्या अवर्षणात मऊ, बारीक बिया लवकर संपल्या आणि टणक बियाच उरल्या. त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी तुलनेने अधिक संख्येने तगले. चोचीची जाडी आनुवंशिक असल्याने पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली, मात्र कोणाही एका पक्ष्याची चोच त्यासाठी बदलली नव्हती. पुढे १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि निवडीची दिशाच उलटली. मला हा उलटा प्रवास अवर्षणाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण निवडीपुढे कोणतेही पूर्वनियोजित ध्येय नसते हे त्यातून स्पष्ट दिसते.

तरीही अशा चढउतारांतून प्रजाती एकच राहते. तिच्या दोन होण्यासाठी दोन गटांतील प्रजनन थांबावे लागते. बहुधा समुद्र, डोंगर किंवा नदी हे गट वेगळे करते, दोन्हीकडे निवड आपापल्या परिस्थितीनुसार होत जाते, आणि दीर्घकाळानंतर ते पुन्हा एकत्र आले तरी त्यांचे मीलन होत नाही किंवा झाले तरी संतती प्रजननक्षम नसते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही डॅफ्ने मेजर बेटावरच मिळते. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एस्पान्योला बेटावरचा, आकाराने मोठा असा एक नर फिंच तेथे आला आणि स्थानिक मादीशी त्याची जोडी जमली. या पक्ष्यांतील नर पिलू गाणे पित्याकडून शिकते. त्यामुळे या आगंतुक नराच्या वंशजांचे गाणे स्थानिकांहून वेगळे राहिले, चोचही वेगळी होती, आणि दोन-तीन पिढ्यांतच ते केवळ आपसात प्रजनन करू लागले. येथे सुरुवात दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून झाली आणि वेगळेपण गाण्याने व शरीराच्या आकाराने टिकवले, म्हणजे सारे श्रेय निवडीला देता येणार नाही. या वंशाला स्वतंत्र प्रजाती म्हणावे का, हे तो पुढे किती काळ वेगळा टिकतो यावर अवलंबून आहे.