बी-कॉम्प्लेक्सच्या रोज दोन गोळ्या घेतल्या तर चालतात का?

तुम्ही विचारलंय, थकवा जात नाही म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या तर चालेल का, 'नाहीतरी जास्तीचं लघवीवाटे निघूनच जातं'. याच वाक्यावरून माझं आणि दादाचं दोन वर्षं बिनसलंय, म्हणून लिहितेय.

अप्पांना मधुमेह, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. तळपायांना मुंग्या यायला लागल्या तसं मेडिकलवाल्याने 'नसांची गोळी' दिली. दादाने अमेरिकेहून बी-6 ची बाटली पाठवली, 100 मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ एकेक. सात-आठ महिन्यांत पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि अप्पांना पत्ताच नसायचा. रात्री बाथरूमला भिंत धरून जायचे. मी म्हटलं, आधी गोळ्या बंद करू. दादा फोनवर म्हणाला, "बी पाण्यात विरघळतं, शाळेत शिकली नाहीस का?" मी गप्प बसले. तिथे चुकलं माझं.

न्यूरॉलॉजिस्टनी सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावून बेरीज केली. बी-6 दिवसाला 200 च्या वर, आणि गरज जेमतेम 2 मिलिग्रॅमची! अप्पांना डोळे मिटून उभं केलं तर ते डोलायला लागले. रक्तात बी-6 भरमसाट, आणि बी-12 कमी. मेटफॉर्मिनने बी-12 उतरतं, ते कुणी तपासलंच नव्हतं. गोळ्या थांबवल्यावर पहिले काही आठवडे त्रास आणखी वाढला (असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं), मग हळूहळू उतार पडला. अंगठे अजून बधिर आहेत.

बी-6 ची मर्यादा अमेरिकेत 100 मिलिग्रॅम धरतात. युरोपने 2023 मध्ये ती 12 वर आणली. मी युरोपचं मानते. फॉलिक ॲसिड 1000 मायक्रोग्रॅमच्या आत ठेवा, कारण बी-12 च्या कमतरतेचा ॲनिमिया त्याने झाकला जातो आणि नसा आतून बिघडतच राहतात. बी-1, बी-2, बी-12 ला वरची मर्यादा ठरवलेली नाही. बायोटिनलाही नाही, पण त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात, तेव्हा लॅबमध्ये सांगा.

तुमच्या गोळीत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6, 3 मिलिग्रॅम असेल तर दोन गोळ्यांतल्या बी-6 ने काही बिघडणार नाही, पण थकवाही जाईलच असं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासा आधी.

दादा अजून म्हणतो, वयामुळे झालं. मग गोळ्या थांबवल्यावर चप्पल पायात कशी टिकायला लागली, हे त्याने मला सांगावं.

आणि हो, टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर डॉक्टरांनी बी-6 दिलं असेल तर माझं वाचून ते बंद करू नका. तिथे ते नसा वाचवायलाच देतात.