पोट ढोलासारखं फुगतं, काय बंद करू?

प्रश्न: ताई, मी परभणीची, वय २९. एंडोमेट्रिओसिस निघालंय, गोळ्या चालू आहेत. पण पाळीच्या आधी पोट इतकं फुगतं की ड्रेस बसत नाही. गहू, दूध सगळंच सोडू का?

उत्तर: सगळं कायमचं नको गं बाई! एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, तो पथ्यानं जात नाही, पण फुगणं, गॅस, जुलाब काहीजणींचे खरंच कमी होतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचा लो फॉडमॅप डाएट आहे ना, म्हणजे आतड्यात नीट न पचता आंबून गॅस करणाऱ्या साखरा कमी करायचं पथ्य, त्यात कांदा, लसूण, गहू, तुरीचं वरण, दूध २ ते ६ आठवडे बंद ठेवतात आणि मग एकेक पदार्थ परत खाऊन बघतात, हा दुसरा भाग लोक विसरतात अन् वर्षभर उपाशी राहतात. आपल्याकडं बरंय, ज्वारीची भाकरी चालते. लसणाशिवाय भाजी घशाखाली उतरत नसेल तर पाकळ्या तेलात परतायच्या आणि काढून टाकायच्या, वास तेलात राहतो, त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही. येसरात गहू-डाळी असतात, म्हणून येसराच्या आमटीला मात्र सध्या रामराम. वहीत रोजचं खाणं, दुखणं, पाळीची तारीख लिही, नाहीतर पाळीचा त्रास गव्हावर ढकलशील. गोळ्या मनानं बंद करू नको, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी आहारतज्ज्ञांना दाखव.